घराला घर: परदेशी मुक्कामासाठी घरांची अदलाबदल

परदेश प्रवासाचा विषय निघाला की आपल्यापुढे बहुधा दोनच वाटा येतात. एक म्हणजे प्रवास कंपनीची दहा-बारा दिवसांची सहल. दुसरी म्हणजे मुलाकडे किंवा मुलीकडे जाऊन राहणे. पहिली खिशाला जड जाते, आणि दुसरीत जग पाहण्यापेक्षा नातवंडांच्या शाळेच्या वेळा सांभाळण्यात दिवस जातात. तिसरीही एक वाट आहे, ती म्हणजे घरांची अदलाबदल. आपण त्यांच्या घरी राहायचे, त्यांनी आपल्या घरी राहायचे, आणि भाडे कोणी कोणाला द्यायचे नाही.

आपल्या बडोद्यात या वाटेचा विचार व्हावा असे आम्हांला वाटते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी गेली आहेत आणि तीन-चार खोल्यांत दोनच माणसे उरली आहेत. निवृत्तिवेतन बेताचे, पण घर स्वतःचे, हप्ते कधीच फिटलेले. आयुष्याची सगळ्यांत मोठी कमाई त्या भिंतींमध्ये आहे. ती न विकता, भाड्याने न देता वापरता येते का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. 'दहा दिवसांत आठ देश' असा बेत असेल तर अदलाबदलीचा काही उपयोग नाही. एका गावी तीन-चार आठवडे बिऱ्हाड करण्याची ही पद्धत आहे, आणि पैसे वाचतात ते त्या बिऱ्हाडामुळेच.

ही पद्धत आली कुठून

तिची सुरुवात शिक्षकांनी केली. युरोपातल्या शिक्षकांना उन्हाळ्याची सुट्टी लांब आणि पगार मात्र जेमतेम. १९५३ मध्ये स्वित्झर्लंड आणि हॉलंडमधल्या काही शिक्षकांनी एकमेकांची घरे सुट्टीपुरती वापरायची कल्पना काढली. त्यातून 'इंटरव्हॅक' ही संस्था उभी राहिली, आणि ती आजही चालू आहे. तेव्हा घरांची छापील यादी निघे आणि बाकी सगळे पत्रांतून ठरे.

१९९२ मध्ये अमेरिकेत एड कुशिन्स यांनी 'होमएक्स्चेंज' सुरू केले. पुढे इंटरनेट आले आणि छापील यादीची जागा संकेतस्थळाने घेतली. २०११ मध्ये फ्रान्समध्ये 'गेस्टटूगेस्ट' निघाले. त्याने २०१७ मध्ये 'होमएक्स्चेंज' विकत घेतले, आणि नंतर दोन्ही एकाच नावाखाली आले. २००६ मधला 'द हॉलिडे' हा इंग्रजी चित्रपट काहींनी पाहिला असेल. त्यातल्या दोन नायिका लॉस एंजेलिस आणि इंग्लंडमधल्या खेड्यातले घर अशीच बदलतात.

अदलाबदलीचे चार प्रकार

पहिला प्रकार एकाच वेळच्या अदलाबदलीचा. तुम्ही त्यांच्याकडे असता तेव्हा ते तुमच्याकडे असतात. दोन्ही घरांच्या किल्ल्या एकमेकांच्या हाती असल्याने दोघांनाही सारखीच काळजी असते, आणि म्हणून दोघेही सारखेच जपून वागतात.

दुसरा प्रकार वेगवेगळ्या वेळच्या अदलाबदलीचा. तुम्ही जूनमध्ये त्यांच्याकडे जाता, ते जानेवारीत तुमच्याकडे येतात. यात सोय जास्त, पण ज्याची पाळी दुसरी त्याला समोरच्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागते.

तिसरा प्रकार गुणांचा. तुमच्या घरी कोणी राहिले की तुमच्या खात्यात गुण जमा होतात, आणि ते गुण तुम्ही तिसऱ्याच कोणाच्या घरी खर्च करता. घर केवढे, कुठे आणि सोयी काय यावर एका रात्रीचे गुण ठरतात. पॅरिसच्या माणसाला बडोद्यालाच यायचे असले पाहिजे, ही अट यामुळे गळून पडते.

चौथा प्रकार पाहुणचाराचा. घरमालक घरातच असतो, पाहुणा एका खोलीत राहतो, आणि पुढे कधीतरी याच्या उलट होते. घरात वडीलधारी माणसे असतील आणि घर रिकामे करून देणे शक्य नसेल, तर हाच प्रकार जमण्यासारखा आहे. १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेली 'सर्वास' ही संस्था पाहुणचाराच्याच तत्त्वावर चालते. तिथे मुक्काम साधारण दोन रात्रींचा असतो आणि हेतू सहलीपेक्षा ओळखीचा असतो.

पैशांचा हिशेब

आता आकड्यांकडे वळू. सोयीसाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरू. समजा नवरा-बायको २१ रात्री युरोपातल्या एखाद्या मध्यम शहरात राहणार आहेत. साध्या हॉटेलची खोली रात्रीला १०० युरो धरली तर नुसत्या मुक्कामाचे २,१०,००० रुपये होतात. दोघांचे बाहेरचे जेवणखाण दिवसाला ४० युरो धरले तर आणखी ८४,००० रुपये. स्वयंपाकघर हाताशी असेल आणि बाजारातून भाजी, दूध, पाव आणून घरी केले, तर तेच काम दिवसाला १५ युरोत, म्हणजे ३१,५०० रुपयांत भागते.

म्हणजे मुक्कामाचे २,१०,००० आणि जेवणाचे ५२,५०० मिळून २,६२,५०० रुपये वाचले. त्यातून संस्थेची वार्षिक वर्गणी, घराची साफसफाई आणि यजमानासाठी नेलेली भेटवस्तू यांचे मिळून ३०,००० रुपये वजा करा. सव्वादोन लाखांच्या वर बचत उरते.

काय वाचत नाही तेही पाहू. विमानाचे तिकीट तेवढेच राहते. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला ९० युरो आहे, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमाही लागतो. हे खर्च आठ दिवस राहा किंवा तीन आठवडे, जवळजवळ तेवढेच असतात. म्हणून आठ दिवसांसाठी एवढी खटपट परवडत नाही. मुक्काम जितका लांब, तितका दर दिवसाचा खर्च उतरतो.

ऋतूंचा पेच

बडोद्याच्या माणसापुढची खरी अडचण ऋतूंची आहे. आपल्याला बाहेर पडायचे असते ते मे-जूनमध्ये, कारण उकाडा असह्य होतो. युरोपचाही तोच सुट्टीचा काळ. पण ४२ अंशांच्या उन्हात बडोद्याला कोण येणार? बाहेरच्यांनी यावे असे आपले महिने म्हणजे नवरात्रापासून फेब्रुवारीपर्यंतचे, आणि तेव्हा युरोपात दिवस लहान आणि थंडी कडक.

त्यामुळे एकाच वेळची अदलाबदल आपल्याला क्वचितच जमेल. वेगवेगळ्या वेळची किंवा गुणांची पद्धत धरावी लागेल. मग पुढचा प्रश्न येतो की डिसेंबरात पाहुणे आपल्या घरी असतील तेव्हा आपण कुठे जायचे? मुलीकडे पुण्याला, कोकणातल्या गावी, किंवा त्याच काळात एखाद्या लांबच्या लग्नकार्याला. हे आधी ठरल्याशिवाय कोणालाही तारीख देऊ नये.

बडोद्याला कोण कशाला येईल, अशी शंका अनेकांना येते. पण आपल्याकडे दाखवण्यासारखे बरेच आहे. गुजरातचा गरबा २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला. चांपानेर-पावागढ २००४ पासून जागतिक वारसास्थळ आहे. केवडियाचा १८२ मीटरचा पुतळा एका दिवसात पाहून परत येता येते. लक्ष्मीविलास राजवाडा आणि कीर्तिमंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे तर गावातच आहेत. यांशिवाय एक मोठा वर्ग असा आहे ज्याला बडोदे दाखवावेच लागत नाही. इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेली गुजराती आणि मराठी कुटुंबे डिसेंबरात लग्नांसाठी येतात, आणि महिनाभर नातेवाइकांकडे दाटीने राहण्यापेक्षा त्यांना स्वतंत्र घर हवे असते. आपल्या दृष्टीने सुरुवातीला हीच मंडळी सगळ्यांत सोयीची.

विश्वास कसा बसतो

अनोळखी माणसाच्या हाती किल्ली द्यायची, ही कल्पनाच अनेकांना सहन होत नाही. ही भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय म्हणजे सावकाश जाणे.

आधी पत्रव्यवहार करावा, मग व्हिडिओवर निदान दोन-तीनदा बोलावे, आणि त्यात घर फिरून दाखवावे व पाहावे. समोरच्याच्या घरी पूर्वी राहिलेल्यांचे अभिप्राय वाचावेत. शक्य असेल तर त्या गावातल्या ओळखीच्या माणसाकडून चौकशी करावी. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि इतरही अनेक देशांत मराठी मंडळे आहेत. लग्नाच्या स्थळाची चौकशी करतो तितक्याच मनापासून ही चौकशी करायला हरकत नाही.

आपल्या घराची माहिती देताना खरे तेच लिहावे. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, सकाळी ठरावीक वेळीच पाणी येते, समोर मंदिर आहे आणि पहाटे घंटा वाजते, हे सगळे लिहावे. घर साधे आहे म्हणून कोणी रागावत नाही. सांगितले एक आणि निघाले दुसरे, की मन खट्टू होते आणि तसाच अभिप्राय मिळतो.

कोणी आगाऊ पैसे मागितले, बोलणे टाळले किंवा फार घाई केली, तर तिथेच थांबावे. सगळे ठरल्यावर तारखा, माणसांची संख्या, वीज-गॅसचा खर्च कोणाकडे, मोडतोड झाली तर काय आणि ऐनवेळी रद्द झाले तर काय, एवढे मुद्दे लिहून दोघांनी सही करावी. काही संस्था ठरावीक मर्यादेपर्यंत नुकसानीची हमी देतात. तिच्या अटी वर्गणी भरण्याआधी वाचाव्यात.

कायदा आणि कागदपत्रे

आपल्याकडचा सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा की परदेशी पासपोर्ट असलेली व्यक्ती आपल्या घरी मुक्कामाला आली, की २४ तासांच्या आत ठरावीक फॉर्म भरून विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावे लागते. हा नियम हॉटेलांप्रमाणे खासगी घरांनाही लागू आहे. नोंदणी ऑनलाइन होते, आणि त्यासाठी पाहुण्याचा फोटो, पासपोर्ट व व्हिसाचा तपशील लागतो. आपण गावात नसणार असू तर हे काम कोण करणार ते आधी ठरवावे. यजमानाने पाहुण्याची नोंद करण्याचा नियम इतरत्रही आहे. इटलीत युरोपीय संघाबाहेरचा पाहुणा घरी उतरला तर ४८ तासांत पोलिसांना कळवावे लागते.

आपल्या व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो आणि हॉटेलचे आरक्षण तर आपल्याकडे नसते. अशा वेळी घरमालकाचे सही केलेले पत्र, त्याच्या ओळखपत्राची आणि घराच्या पुराव्याची प्रत, आणि अदलाबदलीचा करार जोडावा लागतो. काही देश याहून जास्त मागतात. फ्रान्समध्ये खासगी घरी उतरणाऱ्या पाहुण्यासाठी यजमानाला आपल्या नगरपालिकेतून अधिकृत प्रमाणपत्र काढावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून ज्या देशाचा व्हिसा काढायचा त्याच्या वकिलातीची यादी आधी वाचावी आणि तारीख मग पक्की करावी. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. विमानाचे पक्के तिकीट व्हिसा हाती आल्यावरच काढलेले बरे.

सोसायटीत राहत असाल तर अध्यक्षांना किंवा सचिवांना लेखी कळवावे, नाहीतर वॉचमन पाहुण्यांना फाटकावरच अडवेल. घराचा विमा असेल तर आपल्या गैरहजेरीत दुसरे कोणी राहणार आहे हे विमा कंपनीला विचारून घ्यावे. १ एप्रिल २०२१ पासून सर्व विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी मिळते. आग, भूकंप आणि पूर तिच्यात येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्यांना तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. साध्या चोरीसाठी मात्र वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

मोटारींची अदलाबदलही काही जण करतात. त्यासाठी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो, आणि तो एक वर्ष चालतो. युरोपच्या मुख्य भूमीवर वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. साठीनंतर ती नवी सवय लावून घेण्यापेक्षा बस-ट्रामचा महिन्याचा पास काढणे शहाणपणाचे.

घर सोपवताना

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. महत्त्वाचे कागद आणि खासगी वस्तू एका खोलीत किंवा कपाटात ठेवून कुलूप लावावे. तसे आधी सांगितले तर कोणाला वावगे वाटत नाही. पाहुण्यांसाठी निदान एक कपाट, दोन खण आणि फ्रिजची अर्धी जागा रिकामी ठेवावी.

मग एक वही करावी. गॅस कसा चालू-बंद करायचा, गिझरचे बटण कुठले, पिण्याचे पाणी कुठले, वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालते, कचरा कधी न्यायला येतात, कामवाली बाई किती वाजता येते आणि तिचा पगार कोण देणार, तुळशीला पाणी केव्हा घालायचे. शेजाऱ्यांचा, डॉक्टरांचा आणि प्लंबरचा फोन नंबर त्यात असावा. सेव-उसळ कुठली चांगली, हेही लिहायला विसरू नका.

नाजूक गोष्टी संकोच न करता आधी बोलाव्यात. घरात मांसाहार चालतो का, देवघराच्या खोलीत चपला चालतात का, हे तारखा ठरण्यापूर्वी सांगितले तर त्यात अपमान नसतो. गुजरातेत दारूबंदी आहे आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याला परवाना काढावा लागतो, हेही कळवावे, कारण परदेशी माणसाच्या ते ध्यानीमनीही नसते.

त्यांच्या घरी राहताना

तिथे आपणही कोणाच्या तरी घरात असतो. फोडणीच्या धुराने छताला लावलेला धुराचा भोंगा वाजू शकतो, म्हणून खिडकी उघडून आणि पंखा लावून मगच फोडणी करावी. युरोपातल्या अनेक न्हाणीघरांत टबाबाहेर पाणी जायला मोरी नसते. आपल्या सवयीने तांब्याने पाणी ओतून अंघोळ केली, तर ते पाणी खालच्या मजल्यावर झिरपेल. जर्मनीत रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता पाळतात, कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकतात, आणि अनेक बाटल्या दुकानात परत दिल्या की अनामत परत मिळते. निघताना घर होते तसे लावून ठेवावे, चादरी धुवाव्यात, आणि थोडे दूध-पाव फ्रिजमध्ये ठेवावे. दमून घरी परतणाऱ्या माणसाला त्याचे मोल कळते.

कोणी या वाटेला जाऊ नये

घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर हा बेत पुढे ढकलावा. घर भाड्याचे असेल तर मालकाची लेखी परवानगी हवी. वाडा वडिलोपार्जित असेल आणि त्यात भावंडांचा वाटा असेल, तर आधी सगळ्यांना विचारावे. आपण परदेशी आणि वाड्यात अनोळखी माणसे, हे भावाला शेजाऱ्याकडून कळले तर वाचलेल्या दोन लाखांपेक्षा महाग पडेल. आणि पाहुण्याच्या हातून आईच्या वेळची कपबशी फुटली तर जो रात्रभर झोपणार नाही, त्याने ती कपबशी आधी आत ठेवावी किंवा सरळ हॉटेलात राहावे.

सुरुवात जवळून करावी

नव्या सभासदाची मोठी अडचण म्हणजे त्याच्या नावावर एकही अभिप्राय नसतो. परका माणूस अशा घरी यायला कचरतो. यावर एक सोपा उपाय आहे. पहिली अदलाबदल देशातच करावी.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव आणि गोव्यातही आपल्यासारखीच पिढ्यान् पिढ्या रुजलेली मराठी घरे आहेत. त्यांना नवरात्रात बडोदे पाहायचे असेल, आपल्याला पावसाळ्यानंतरचे गोवे हवे असेल. व्हिसा नाही, परदेशी पाहुण्याची नोंदणी नाही, भाषेची अडचण नाही. दहा दिवसांत आपल्याला कळते की आपण दुसऱ्याच्या घरात मोकळेपणाने राहू शकतो का, आणि दुसरे कोणी आपल्या घरात राहिलेले आपल्याला चालते का. नवरा-बायको दोघांचे उत्तर 'हो' असेल, तर वही तयार असते, घर लावलेले असते, आणि ही अदलाबदल संस्थेमार्फत नोंदवली असेल तर पहिला अभिप्रायही हाती असतो. त्यानंतर परदेशातल्या घराला पत्र लिहावे.